चालती गाडी गपकन बंद पडली? दुसरा सेल्फ मारण्याआधी हे वाचा : टाइमिंग बेल्ट आणि चेनच्या बिघाडाचं निवारण

साताऱ्यात हायवेच्या सर्व्हिस रोडला गॅरेज असलं की ठरावीक बिघाडाच्या गाड्या ठरावीक दिवसांत येतात. कासच्या फुलांचा हंगाम सुरू झाला, लागून सुट्ट्या आल्या की पुण्याहून खंबाटकी घाट चढून आलेल्या नाहीतर यवतेश्वरच्या वळणावर थांबलेल्या गाड्या टो होऊन दारात लागतात. त्यांतल्या टाइमिंग सुटलेल्या, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवणारा आतला बेल्ट किंवा चेन तुटलेल्या नाहीतर सटकलेल्या गाड्यांबद्दल हे लिहितोय. हा बिघाड वेळेत कळला तर काही हजारांत मिटतो. नाही कळला तर हेड (इंजिनचा वरचा, व्हॉल्व्हचा भाग) उतरतं, आणि जुन्या गाडीचा मालक गाडी दुरुस्त करायची की भंगारात द्यायची याचा हिशेब मांडायला लागतो.

लक्षणं

सगळ्यांत ओळखीचं लक्षण म्हणजे गाडी चांगली पळत असताना इंजिन अचानक गप्प होणं. झटके नाहीत, धूर नाही, बहुतेक वेळा आवाजही नाही. डॅशबोर्डवर ऑइल आणि बॅटरीचे दिवे लागतात, स्टेअरिंग जड होतं. बाजूला घेऊन सेल्फ मारला तर इंजिन नेहमीपेक्षा हलकं आणि भरभर फिरतं. एरवी सेल्फच्या आवाजाला एक लय असते. एकेका सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतली हवा दाबली जाणं) आलं की आवाज किंचित दबतो, मग सुटतो. ती लय जाऊन नुसती एकसुरी घरघर ऐकू आली तर बेल्ट तुटला असं धरून चाला, किंवा खाली क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) पुलीजवळ त्याचे दात सोलून निघाले असतील.

कधी बेल्ट किंवा चेन शाबूत असते, पण एखाददुसरा दात सटकलेली असते. मग गाडी चालू होते, पण मिसिंग करते, पिकअप मरतो, सायलेन्सरमधून फटके येतात, चेक इंजिनचा दिवा लागतो. तिसऱ्या गिअरवर चढणारी गाडी त्याच घाटात पहिल्यावर रडते.

चेनच्या गाड्यांना सवड मिळते. सकाळी थंड इंजिन चालू केलं की पुलीच्या बाजूने दोन-चार सेकंद खडखड होते आणि थांबते. थंडीत हे जास्त जाणवतं. पुढे ही खडखड लांबत जाते आणि शेवटी गरम इंजिनवर, सिग्नलला उभं असतानाही ऐकू येते. बेल्ट मात्र तुटण्याआधी सहसा बोलत नाही. ज्या ‘च्यूं च्यूं’ आवाजाला लोक घाबरतात तो जवळपास नेहमी बाहेरच्या फॅन बेल्टचा असतो. आतल्या बेल्टची खबर द्यायची तर आयडलर (बेल्टला वळण देणारी पुली) किंवा वॉटर पंपाचं बेअरिंग देतं, बारीक शीळ घालून. नाहीतर कव्हरच्या खालून ऑइल किंवा कूलंट पाझरतं.

तपासणीच्या आधी : सेल्फ नको, धक्का तर नकोच

फोन येतो, “मिस्त्री, गाडी चालता चालता बंद पडली.” माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, “दादा, परत सेल्फ मारू नका.” त्यावर पलीकडून बहुतेकदा उत्तर येतं, “आत्ताच पाच-सहा वेळा मारला की. उतारावर दुसऱ्या गिअरला टाकून पण बघितलं.” असं का करायचं नाही, हे कळायला आत काय चालतं ते बघावं लागतं.

क्रँकशाफ्ट पिस्टन वर-खाली करते, कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह उघडते आणि मिटते. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी, हे गणित बेल्ट किंवा चेन सांभाळते. इंजिन २००० आरपीएमवर असेल तर कॅम १००० वर फिरते, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला सोळा-सतरा वेळा उघडून मिटतो. उघडताना तो सिलिंडरमध्ये साधारण आठ-दहा मिलिमीटर खाली उतरतो, आणि त्याच जागेत काही क्षणांनी पिस्टन येतो. दोघं वेळ पाळतात म्हणून भेटत नाहीत.

ज्या इंजिनात पूर्ण उघडा व्हॉल्व्ह आणि सर्वांत वर आलेला पिस्टन यांची जागा एकमेकांत शिरते त्याला इंटरफिअरन्स इंजिन म्हणतात. तिथे बेल्ट तुटला की कॅम आहे तिथे थांबते, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात. गाडी गिअरमध्ये असल्याने चाकं क्रँकला फिरवत राहतात आणि पिस्टन त्या उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्हची दांडी पाच-सहा मिलिमीटर जाडीची. ती वाकते. कधी गाइड (दांडी सरकते ती नळी) फुटतं, रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा तुकडा) तुटतं. व्हॉल्व्हची चकती तुटून आत पडली तर पिस्टनला भोक पडतं आणि ब्लॉकलाही मार बसतो.

नॉन-इंटरफिअरन्स इंजिनात दोघांमध्ये पुरेशी फट ठेवलेली असते. बेल्ट तुटला तर गाडी बंद पडते, एवढंच. नवीन बेल्ट टाकायचा, खुणा जुळवायच्या आणि निघायचं. कार्बोरेटरवाल्या जुन्या १.३ लिटर आठ व्हॉल्व्हच्या जिप्सीचं इंजिन या जातीचं. हल्लीच्या गाड्यांत ही जात फारशी उरलेली नाही. कारण साधं आहे. कॉम्प्रेशन वाढवायचं, व्हॉल्व्ह जास्त उघडून हवा जास्त भरायची, ॲव्हरेज काढायचं आणि धूर कमी करायचा, तर ती फट परवडत नाही.

डिझेलच्या बाबतीत तर प्रश्नच नाही. पेट्रोलचं कॉम्प्रेशन साधारण दहाला एक, डिझेलचं सोळा ते अठराला एक किंवा त्याहून जास्त. एवढं दाबायचं तर पिस्टन वर आल्यावर हेडपासून जेमतेम एक मिलिमीटरभर अंतर उरतं. तिथे आठ मिलिमीटर उघडलेल्या व्हॉल्व्हला जागा कुठून येणार? म्हणून डिझेल गाडी म्हटली की इंटरफिअरन्सच धरायची.

आता सेल्फचं. बेल्ट हायवेला ८० च्या वेगात तुटला असेल तर नुकसान पहिल्या सेकंदातच झालेलं असतं, ते तुमच्या हातात नाही. पण कित्येकदा तो चालू करताना, सिग्नलला किंवा पार्किंगमधून काढताना जातो, म्हणजे इंजिन मंद असताना. तेव्हा नशिबाने व्हॉल्व्ह वाचलेले असू शकतात. मग मालक सेल्फ मारतो, आणि सेल्फच्या दोन-अडीचशे आरपीएमलाही दांडी वाकवायला पुरेसा जोर असतो. उतारावर गिअर टाकून चालू करणं त्याहून वाईट, कारण मागून अख्ख्या गाडीचं वजन ढकलत असतं. एक-दोन दात सटकलेली गाडी कशीबशी घरापर्यंत चालवत नेणं हाही तोच जुगार.

तपासणी १ : कागद आणि किलोमीटर. खर्च शून्य

गाडीला बेल्ट आहे की चेन, ते आधी बघा. मारुती ८००, ओम्नी, ८०० सीसीची अल्टो, जुनी सँट्रो, १.४ डिझेल इंडिका, पहिली डिझेल इनोव्हा, १.५ डीसीआय इंजिनच्या डस्टर आणि व्हेरिटो, पोलोचं १.५ टीडीआय या बेल्टच्या गाड्या. मारुतीची के-सिरीज पेट्रोल इंजिनं, स्विफ्ट-डिझायर-विस्टा-पुंटोमधलं १.३ डिझेल, ह्युंदाईचं कप्पा पेट्रोल ही चेनची. ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरला ही भानगडच नाही, तिथे टाइमिंगला सरळ गिअर असतात.

बेल्टची मुदत किलोमीटर आणि वर्षं अशी दोन्ही लिहिलेली असते, आणि जी आधी संपेल ती खरी. गाडीनुसार ती बदलते. साठ हजारांपासून लाख-दीड लाखापर्यंतचे आकडे दिसतात, म्हणून शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नका, आपलं मॅन्युअल उघडा. वर्षांकडे लोक हमखास दुर्लक्ष करतात. “मिस्त्री, गाडी फक्त तीस हजार फिरलीय,” म्हणणाऱ्याची गाडी दहा वर्षांची असते. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. इनोव्हाच्या त्या डिझेल इंजिनाला मुदत भरली की डॅशबोर्डवर टाइमिंग बेल्टचा वेगळा दिवा लागतो. तो बेल्ट न बदलता नुसता रीसेट करून विकलेली गाडीही बाजारात मिळते, हे सेकंडहँड घेणाऱ्याने ध्यानात ठेवावं. बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर बदललेला नाही, असंच समजा.

आपलं इंजिन इंटरफिअरन्स आहे का, हे मॅन्युअलमध्ये सहसा सापडत नाही. बेल्ट बनवणाऱ्या कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये मात्र अशा इंजिनांपुढे खूण केलेली असते, स्पेअर पार्टच्या दुकानात विचारून बघा. दोन समजुती सोडून द्या. ‘आठ व्हॉल्व्ह म्हणजे सुरक्षित, सोळा म्हणजे धोका’ हा काही नियम नाही. आणि पिस्टनवर व्हॉल्व्हसाठी खाचे कोरलेत म्हणून इंजिन वाचेल, असंही नाही. ते खाचे बहुतेकदा टाइमिंग बरोबर असतानाची फट मिळावी म्हणून असतात. खूण सापडली नाही तर इंटरफिअरन्स धरूनच पुढचं काम करा. चुकलात तरी नुकसान नाही.

तपासणी २ : डिपस्टिक

गाडी सपाटीला, इंजिन थंड. चेनच्या गाडीत हीच तपासणी सगळ्यांत महत्त्वाची, आणि लोक हीच सोडून देतात. चेन ताणून धरणारा टेन्शनर बहुतेक इंजिनांत ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल कमी असेल, चुकीच्या ग्रेडचं असेल किंवा काळा चिखल झालेलं असेल तर टेन्शनर वेळेवर ताण घेत नाही, आणि सकाळची ती खडखड तिथून येते. जुन्या ऑइलमधली काजळी चेनच्या पिनाही झिजवते. लोक म्हणतात चेन ताणली गेली, पण लोखंड ताणलं जात नाही. शेकडो सांध्यांतली झीज जमून चेनची लांबी वाढते.

लेव्हल कमी असेल तर मॅन्युअलमधल्या ग्रेडचं ऑइल भरा. ऑइलची मुदत संपली असेल तर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला. त्यानंतर दोन-चार सकाळी खडखड आली नाही तर तुम्ही स्वस्तात सुटलात. आली तर टेन्शनर किंवा चेन, आणि मग घाट बंद. खडखडीवर जाड ऑइल भरून देणारे मिस्त्री आहेत. आवाज चार दिवस दबतो, चेन तितकीच सैल राहते.

काही नव्या इंजिनांत बेल्टच ऑइलमध्ये फिरतो. फोर्डचं एक लिटरचं इकोबूस्ट आणि दीड लिटरचं तीन सिलिंडरचं पेट्रोल ही इंजिनं या प्रकारची. तिथे ऑइलची ग्रेड चुकली तर बेल्टचं रबर सुटायला लागतं, त्याचा चुरा ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो आणि ऑइलचा दिवा लागतो. अशा गाडीत ऑइलचा दिवा लागला तर ऑइल टॉप-अप करून पुढे निघायचं नाही.

तपासणी ३ : टाइमिंग नसलेली कारणं बाजूला काढा

पहिल्या सेल्फचा आवाज आठवा. लय नेहमीची होती? मग बेल्ट बहुधा जागेवर आहे आणि दोष दुसरीकडे आहे. फ्यूज बघा, टाकीत तेल आहे का बघा. पेट्रोल गाडी असेल तर चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून पंपाचा दोन सेकंदांचा गुणगुणाट येतो का ऐका. इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा) दिवा भरभर लुकलुकतोय का बघा. क्रँक सेन्सर गेला तरी गाडी अशीच अचानक बंद पडते, पण मग सेल्फ मारताना आरपीएमचा काटा हलत नाही, आणि पुष्कळदा इंजिन गार झाल्यावर गाडी आपोआप चालू होते. बेल्ट तुटलेली गाडी गार होऊन चालू होत नाही.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गेल्यावर बंद पडली असेल तर ती वेगळी केस. एअर फिल्टरमधून पाणी आत गेलं असेल तर तिथेही सेल्फ मारायचा नाही, कारण पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

तपासणी ४ : कान आणि स्कॅनर

ही तपासणी गाडी चालू होत असेल आणि मोठी खडखड नसेल तरच. आवाज पुलीच्या बाजूचा की गिअरबॉक्सच्या बाजूचा, ते ठरवा. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक कव्हरवर आणि मूठ कानाजवळ, ही जुनी युक्ती अजून चालते. फक्त साडीचा पदर, ओढणी, सैल बाह्या आणि फिरता बेल्ट यांची गाठ पडू देऊ नका. फॅन बेल्टवर पाण्याचे चार थेंब टाकल्यावर आवाज बदलला तर दोष बाहेरच्या बेल्टचा.

ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं, छोटं ब्लूटूथ यंत्र ऑनलाइन स्वस्तात मिळतं, मोबाइलला जोडता येतं. कोड पी००१६ आला तर कॉम्प्युटर म्हणतोय की क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाही. पी०३४० आणि पी०३४१ कॅम सेन्सरकडे बोट दाखवतात, पी०३३५ क्रँक सेन्सरकडे. कोड वाचून लगेच चेन मागवू नका. आधी सेन्सरचा सॉकेट काढून बघा, आत ऑइल किंवा गंज आहे का, वायर कुरतडलेली आहे का. ऊस तुटून गेला की रानातले उंदीर शेडात उभ्या गाड्यांत शिरतात. वायर कुरतडलेली असली आणि तिची बातमी टाइमिंगच्या कोडमधून आली, असं आमच्याकडे बघायला मिळतं. पण सकाळची खडखड आणि पी००१६ दोन्ही एकत्र असतील तर शंकेला जागा नाही, गाडी उभी करा.

तपासणी ५ : वरचं कव्हर

बेल्टच्या पुष्कळ गाड्यांत वरचं प्लास्टिकचं कव्हर दोन-चार क्लिपा किंवा दहाच्या पान्याच्या बोल्टांवर असतं. ते काढा, टॉर्च मारा. दात गायब आहेत का? कडेला सुतं निघालीत का? पाठ काचेसारखी चकाकतेय का? बोटाला ऑइल लागतंय का? ऑइल लागलं तर कॅमचं किंवा क्रँकचं सील गळतंय. ते न बदलता नवा बेल्ट टाकणं म्हणजे नवा बेल्टही त्याच ऑइलात भिजवणं. वॉटर पंपाखाली वाळलेल्या कूलंटचे पांढरट-गुलाबी ओघळ दिसले तर पंप जायच्या वाटेवर आहे. दहिवडी-म्हसवडकडून येणाऱ्या गाड्यांत कव्हर फुटकं असलं तर आत बारीक धूळ बसलेली असते, आणि ती बेल्टला आणि बेअरिंगला पॉलिश पेपरासारखी घासते. कव्हरचा तुटका तुकडा ‘काय फरक पडतो’ म्हणून फेकून देऊ नका.

इथे एक सापळा आहे. वरून बेल्ट अगदी ठणठणीत दिसतो आणि खाली क्रँकच्या दातऱ्यावर त्याचे आठ-दहा दात सोललेले असतात. म्हणून नुसतं बघून ‘बेल्ट चांगला आहे’ म्हणायचं नाही. कॅम फिरतेय का, ते बघायला लागतं.

तपासणी ६ : हाताने क्रँक फिरवणं

घरी काम करणाऱ्यासाठी ही शेवटची पायरी. आणि तीही पान्याची सवय असेल तरच. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली. पेट्रोल गाडी असेल तर प्लग काढा, म्हणजे कॉम्प्रेशनचा अडथळा राहत नाही. क्रँक पुलीच्या बोल्टला गोटी पाना लावून हळूहळू फिरवा. पुलीकडून बघताना बहुतेक इंजिनं घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतात, होंडाची काही जुनी इंजिनं उलट. दिशा माहीत करून घेतल्याशिवाय पाना लावू नका. चेनच्या गाडीत उलटं फिरवलं तर सैल टेन्शनरमुळे चेन आणखी एक दात सटकू शकते.

दुसऱ्या माणसाला कॅमच्या पुलीकडे किंवा ऑइल भरायच्या तोंडातून आत बघायला सांगा. क्रँक फिरतेय आणि कॅम थांबलेली, मग निकाल लागला. फिरवताना कुठे घट्ट अडलं तर तिथेच थांबा. पान्याला पाइप लावून जोर काढू नका, पिस्टन व्हॉल्व्हला टेकलेला असू शकतो.

इथे थांबा

सरळ सांगतो. बेल्ट तुटलाय, दात सटकलेत किंवा चेन वाजतेय, यांपैकी काहीही नक्की झालं की घरचं काम संपलं. पुढचं काम व्हिडिओ बघून करण्यातलं नाही. बसवताना दात चुकले तर पहिल्या सेल्फला सगळं हेड जाऊ शकतं, आणि ते बिल बेल्टच्या बिलाच्या कित्येक पट असतं. हायवेवर असाल तर राष्ट्रीय महामार्गाची हेल्पलाइन १०३३ आहे. मॅन्युअल गाडी टो करताना न्यूट्रलला ठेवा. ऑटोमॅटिक असेल तर चाकं उचलून, फ्लॅटबेडवरच न्या. खंबाटकीत किंवा पसरणी घाटात दोरी बांधून बंद गाडी ओढत आणू नका. इंजिन बंद असलं की ब्रेकची मदत दोन-तीन दाबांत संपते, आणि उतार पुढेच असतो.

मिस्त्री पुढे काय करतो, आणि तुम्ही काय विचारायचं

चांगला मिस्त्री तुटलेला बेल्ट बघून लगेच हेड खोलत नाही. आधी प्लगच्या भोकातून बोरस्कोप (बारीक कॅमेरा) घालतो. पिस्टनच्या डोक्यावर अर्धचंद्राच्या ताज्या खुणा दिसल्या तर टक्कर झालीय. खुणा नसल्या तर तात्पुरता बेल्ट टाकून कॉम्प्रेशन बघता येतं, पण त्याचीही रीत आहे. नेहमीच्या चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँक टॉप डेड सेंटरच्या (पिस्टन सर्वांत वर येतो त्या जागेच्या) ९० अंश आधी नेली की चारही पिस्टन मधोमध येतात. मग कॅम निर्धास्त फिरवून खुणेवर आणायची, त्यानंतर क्रँक खुणेवर, मग बेल्ट. तीन सिलिंडरच्या इंजिनाला हे गणित लागू नाही, तिथे मॅन्युअलमधली जागाच बघावी लागते. बेल्ट चढल्यावर क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवून खुणा परत जुळतात का बघायचं, मगच सेल्फ. हे दोन फेऱ्यांचं काम पाच मिनिटांचं. ते टाळणारा मिस्त्री दिसला तर गाडी तिथून हलवा.

चेनच्या इंजिनात रंगीत कड्या असतात. त्या बसवतानाच खुणांवर येतात. इंजिन फिरलं की सुटतात आणि पुष्कळ फेऱ्यांनीच परत जुळतात. रंगीत कडी खुणेवर नाही एवढ्यावरून कुणी ‘टाइमिंग सुटलंय’ म्हणत असेल तर त्याला पुलीवरच्या खुणा दाखवायला सांगा. टेन्शनरचा दांडा किती बाहेर आलाय, यावरून चेनची झीज जास्त चांगली कळते.

कॉम्प्रेशन पेट्रोलला ढोबळमानाने दहा ते चौदा बार आणि सगळ्या सिलिंडरांत जवळपास सारखं यावं. डिझेलला पंचवीस ते तीस. एखाद्या सिलिंडरला शून्य आलं की बहुधा व्हॉल्व्ह वाकलाय. हवा भरून बघितलं तर ती इनटेकमधून निघते की सायलेन्सरमधून, यावरून कुठला व्हॉल्व्ह तेही कळतं. ऑइलच्या तोंडातून हवा आली तर मामला पिस्टन-रिंगपर्यंत गेलाय.

काही डिझेल इंजिनांत व्हॉल्व्ह उभे असतात आणि धक्का आधी रॉकरवर बसतो. रॉकर तुटतात, व्हॉल्व्ह वाचतात, हेड न उतरवता काम निघतं. एक डिझेल हॅचबॅक आमच्याकडे ‘हाफ इंजिन करावं लागेल’ असं सांगितलेली आली होती. वरचं कव्हर खोललं तर रॉकर तुटलेले होते, ते बदलल्यावर कॉम्प्रेशन सगळं नीट. म्हणून हेडचा अंदाज देणाऱ्याला आधी कॉम्प्रेशनचे आकडे विचारा.

हेड उतरलंच तर तीन गोष्टी लिहून घ्या. हेडची सपाटी मशीन शॉपमध्ये तपासली का, हेडचे बोल्ट नवे टाकले का, आणि डिझेल असेल तर गॅसकेट (हेड आणि ब्लॉकमधला पातळ पत्रा) कुठल्या जाडीची टाकली. हल्लीचे पुष्कळ बोल्ट एकदा ताणून बसवले की परत वापरायचे नसतात. डिझेल गॅसकेट वेगवेगळ्या जाडीच्या येतात, कडेच्या भोकांवरून किंवा खाचांवरून ओळखतात. चुकीची बसली तर पिस्टन आणि हेडमधलं ते मिलिमीटरभर अंतरच बिघडतं. नुसते वाकलेले व्हॉल्व्ह बदलून गाइड न बघता हेड बसवलं तर सहा महिन्यांत ऑइल जळायला लागतं.

बेल्ट वेळेत बदलायला आणणाऱ्यांना एकच सांगणं. बेल्ट एकटा बदलू नका. टेन्शनर, आयडलर, आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही एकदम बदला. मजुरी खोलण्याचीच असते, पार्ट वाढला म्हणून ती फारशी वाढत नाही. आणि पुढे जुन्या पंपाचं बेअरिंग जाम झालं तर नवा बेल्ट तेच खातं. जुने पार्ट मागून घ्या, बिलावर किलोमीटर आणि तारीख लिहून घ्या, आणि तोच आकडा मार्करने कव्हरवरही लिहायला सांगा. पुढच्या मिस्त्रीला, किंवा गाडी विकत घेणाऱ्याला, बिल सापडलं नाही तरी तो सापडतो.